पत्रात मुलगी कुठे आहे?

पत्र : ‘मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६८ टक्के आहेत. संगणकावर सूक्ष्मजीवांची मॉडेलं करायची म्हणते. बारावीला गणित नव्हतं, मग कसं जमणार? अडीच लाखांचा डेटा सायन्सचा कोर्स लावू, की सरळ बी.एड.?’
– एक पालक, मेहकर

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. कोर्सचे हप्ते, शेजारच्या मुलाचं पॅकेज, लग्नाचं वय, सगळं आहे त्यात. तिला हे का करावंसं वाटतं, याची मात्र एक ओळ नाही. नुसतं ‘म्हणते’. तुम्ही तिला विचारलंच नसावं, आणि मला तिच्या टक्क्यांपेक्षा त्याचीच काळजी वाटते. ‘तुझ्यावर एवढा खर्च केला’ असं तिला ऐकवल्याचं तुम्हीच लिहिलंय. पुन्हा ऐकवू नका. अशा बोलण्यानं मुली गप्प होतात, आणि घरच्यांना वाटतं पटलं.

आता गणिताचं. हे काम म्हणजे कोडिंग, हा तुमचा समज चुकीचा आहे. तुमच्या जवळचं लोणार घ्या. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत मीठ मानवणारे हॅलोआर्किया नावाचे गुलाबी सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटलं, खारटपणा वाढला, ते फोफावले. पावसानं पाणी पातळ झालं तसा रंग ओसरला. किती आटलं की रंग चढेल? कोण कुणाचं टाकलेलं खातं, किती वेगानं वाढतं, हे समीकरणांत मांडायचं, संगणकाकडून सोडवून घ्यायचं आणि उत्तर खऱ्या पाण्याच्या नमुन्यांशी ताडायचं, हेच ते मॉडेल. समीकरणात काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायला सूक्ष्मजीव कळावे लागतात. ते ती तीन वर्षं शिकतेच आहे. त्यासाठी लागणारं गणित, म्हणजे कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स, बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून सुरू करता येतं, ती पुस्तकं फुकट मिळतात. पायथॉन ही संगणकाची भाषा त्यानंतर.

पुढे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा : जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर किंवा गॅट-बी. जॅमच्या त्या पेपरात बारावीचं गणित असतं आणि काही संस्था प्रवेशालाही ते मागतात, म्हणून अटी आधी वाचा. एम.एस्सी.नंतर बहुधा पीएच.डी. करावी लागेल. वाट लांब आहे, हे तिलाही स्पष्ट सांगा.

अडीच लाख बँकेतच राहू द्या. रविवारी दोघं लोणारला जा. काठावर उभं राहून ती काय सांगते ते ऐका, मध्येच पॅकेज काढू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्यात बी.एड. करायचंय असं आलं, तर त्याचंही मी मनापासून उत्तर देईन.