'यवन' : ग्रीकांनी गमावलेला वकार

प्रश्न असा आहे : 'कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब यवनांनी दान केल्याचे तिथल्या लेखांत कोरले आहे. यवन म्हणजे मुसलमान ना? मग इस्लामच्या उदयाच्या कितीतरी आधी ते तिथे कसे? आणि यवन स्त्रीला यवनी म्हणावे की यवनानी?'

यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे वायव्येकडून येणाऱ्या कोणत्याही परक्याला हा शब्द लागू लागला आणि मध्ययुगीन मराठीत तो मुसलमानांसाठी रूढ झाला. पण तो उत्तरकालीन अर्थ दीड-दोन हजार वर्षे मागे नेऊन लेण्यांत चिकटवण्याची जी सवय आपल्याकडे जडली आहे, ती खरोखर संतापजनक आहे. नाशिकच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा म्हटले आहे, तेथेही यवन म्हणजे हेच ग्रीक. त्याच नाशिकच्या लेण्यांत धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त स्वतःला 'योनक', म्हणजे प्राकृतात यवनच, म्हणवतो, आणि विदिशेजवळ बेसनगरला गरुडध्वज उभारणारा तक्षशिलेचा हेलिओदोर स्वतःला 'योनदूत' आणि 'भागवत' अशी दोन्ही विशेषणे एकाच लेखात लावतो. 'यवन म्हणजे परधर्मी' असे ठोकून देणाऱ्यांनी हा स्तंभलेख एकदा अवश्य वाचावा.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस, इफेसस, फोकाया अशी नगरे होती. तिथले ग्रीक आयोनियन म्हणवले जात. त्यांच्या नावाचे जुने रूप 'इयावोनेस' असे होते. क्रीटमधील नॉसस येथे सापडलेल्या इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकातील मातीच्या पाट्यांवर ते 'इ-या-वो-ने' असे अक्षराक्षराने लिहिलेले आहे. पुढे अथेन्सच्या आणि आयोनियाच्या बोलींतून वकार साफ नाहीसा झाला, आणि जसे 'वोइकोस' (घर, आपल्या 'विश्' आणि 'वेश' यांचा सख्खा नातलग) याचे 'ओइकोस' झाले, तसे 'इयावोनेस'चे होमरच्या काव्यात 'इयाओनेस' आणि नंतर नुसते 'इयोनेस' उरले. ज्यांचे हे नाव, त्यांच्याच तोंडातून त्यातला 'व' गळाला, आणि तो जिवंत राहिला हिब्रूतल्या 'यावान'मध्ये आणि आपल्या 'यवन'मध्ये.

यावर काही अभ्यासक असे म्हणतात की 'यवन' हे रूप अस्सल नाहीच. जुन्या फारसीतल्या 'यौन'वरून प्राकृतात 'योन' आले, अशोकाच्या लेखांतही पश्चिम आशियातला ग्रीक राजा अंतियोक हा 'योनराजा'च आहे, आणि 'लवण'चे 'लोण' होते हे ठाऊक असलेल्या पंडितांनी उलट्या दिशेने हिशेब करून 'योन'चे 'यवन' घडवले. युक्ती चतुर आहे. परंतु मला ती मान्य नाही. पंडितांनी केवळ नियमाच्या बळावर जो वकार 'बनवला' म्हणायचा, तो मूळ ग्रीक शब्दात नेमक्या त्याच जागी असावा, हा योगायोग मानण्यापेक्षा पश्चिम आशियात वकारासह फिरणारे जुने रूप वायव्य भारतात थेट ऐकू आले, असे मानणे मला अधिक सरळ वाटते. यवनांचा जन्म वसिष्ठांच्या गायीच्या योनीतून सांगणारी रामायणातली कथा मात्र 'योन' या उच्चारावर बेतलेली कोटी आहे. तिला व्युत्पत्ती समजून पुढे पाठवत राहणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग साऱ्या ग्रीकांना आयोनियन का म्हटले गेले? दक्षिणेतल्या चारही प्रांतांच्या माणसांना आपण सर्रास 'मद्रासी' म्हणत होतो, त्याच कारणाने : आधी जे भेटले, त्यांचेच नाव सगळ्यांना. इ.स.पूर्व 546च्या सुमारास इराणच्या कुरुश राजाने आशिया मायनरमधल्या लिडिया राज्याची राजधानी सार्डिस घेतली आणि पाठोपाठ आयोनिया त्याच्या साम्राज्यात गेला. पुढचा इराणी सम्राट दारयवहू याच्या बेहिस्तून येथील लेखात त्याच्या अंकित देशांच्या यादीत 'यौन' आहे आणि 'गंदार', म्हणजे आपला गांधारही आहे. एकाच दरबारात कर भरणाऱ्या या दोन टोकांच्या प्रजांना एकमेकांची नावे कळायला अलेक्झांडरची वाट पाहण्याचे कारण नव्हते. त्यामुळे 'यवन हा शब्द सिकंदराबरोबर आला' हे पाठ्यपुस्तकी विधान आता सोडून द्यावे.

इ.स.पूर्व 499मध्ये मिलेटसच्या अरिस्टागोरसने इराणविरुद्ध बंड उभारले आणि तो मदत मागायला निघाला. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस याने, इराणच्या राजधानीपर्यंतची, सुसापर्यंतची, वाट तीन महिन्यांची आहे हे ऐकताच, त्याला वाटेला लावले. अथेन्सने मात्र वीस जहाजे दिली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस टोला हाणतो की एका माणसाला फसवण्यापेक्षा तीस हजारांना फसवणे सोपे ठरले. सार्डिस जळाले, लादेच्या सागरी लढाईत बंड मोडले आणि 494मध्ये मिलेटसचा विध्वंस झाला. फ्रिनिकस या नाटककाराने त्यावर नाटक लिहिले तेव्हा अथेन्सचे प्रेक्षक ढसाढसा रडले, आणि स्वकीयांचे दुःख आठवून दिल्याबद्दल नगराने त्याला हजार द्राख्मांचा दंड केला. मॅरेथॉन आणि सलामिस या ग्रीक-इराणी लढाया याच वीस जहाजांच्या पोटी जन्मल्या. 480च्या ग्रीसवरील स्वारीत इराणी सम्राट क्षयार्षाच्या सैन्यात सुती वस्त्रे नेसलेले, वेताची धनुष्ये घेतलेले भारतीय होते आणि त्याच्याच आरमारात आयोनियन खलाशीही होते, ही नोंद हेरोडोटसचीच.

याहून रुचकर गोष्ट अशी की स्वतः अथेन्सच्या लोकांना आयोनियन म्हणवून घेण्याची लाज वाटे, असे हेरोडोटसच सांगतो. आणि तरीही इराणी आपल्याला काय म्हणतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. इ.स.पूर्व 472मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या 'पर्शियन' नाटकात इराणी पात्रे ग्रीकांना 'इयाओनेस' म्हणतात, आणि 425मधल्या अरिस्टोफनीसच्या प्रहसनात इराणी दूत मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये अथेन्सवासीयाला शिवी हासडून वर 'इयाओनाउ' अशी हाक मारतो. अरबी-फारसीतले 'युनान' हेच. म्हणून 'युनानी' वैद्यक म्हणजे ग्रीक वैद्यक, आणि 'यवन' व 'युनानी' हे एकाच घरातले दोन भाऊ.

'यवनिका' या शब्दावरून संस्कृत रंगभूमीचा पडदा ग्रीकांकडून आला असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की ज्या ग्रीक नाट्यगृहात असा पडदाच नव्हता, तिथून तो आला कसा? कापड यवनदेशीचे असू शकेल. बाकी तर्क जर्मन विद्वानांच्या ग्रीकप्रेमाचा.

आता यवनी की यवनानी. पाणिनी इंद्राणी, मातुलानी यांच्या पंक्तीत 'यवन' शब्द घालतो, त्यामुळे 'यवनानी' रूप सिद्ध होते. परंतु कात्यायनाने वार्तिकात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील टिपणांत, ते लिपीपुरते राखून ठेवले आहे, म्हणजे यवनानी ही यवनांची लिपी. स्त्रीला यवनीच म्हणावे. कालिदासाच्या दुष्यंताभोवती धनुष्य घेऊन वावरणाऱ्या परिचारिका यवनीच आहेत.