ग्रुपमध्ये विक्री करावी का, आणि कशी?

प्रश्न : मी घरी गांडूळखत तयार करून विकते. बागकामाच्या एका मोठ्या ऑनलाइन ग्रुपची मी जुनी सदस्य आहे. अलीकडे मी खताचा फोटो, दर आणि फोन नंबर असलेली पोस्ट टाकली, तर ॲडमिनने ती लगेच काढून टाकली आणि वर मला समज दिली. त्याच ग्रुपमध्ये इतर सदस्य निरनिराळ्या कंपन्यांच्या खतांची तोंड भरून स्तुती करतात, ते मात्र चालते. स्वतःच्या कष्टाची वस्तू विकणे गैर आहे का?

उत्तर : विकणे मुळीच गैर नाही आणि तुमची नाराजीही समजण्यासारखी आहे, तरीही ॲडमिनचा निर्णय मला अन्यायाचा वाटत नाही. ज्याला स्तुतीतून काहीच मिळायचे नाही त्याचे मत आणि ज्याच्या पदरात विक्रीचे पैसे पडणार आहेत त्याचे मत, शब्द अगदी तेच असले तरी, वाचणाऱ्याने निरनिराळे जोखायचे असते. कोण कोणत्या नात्याने बोलतो आहे हे त्याला कळले, तरच तसे जोखता येते.

हा वाद जुना आहे. एप्रिल १९९४ मध्ये लॉरेन्स कँटर आणि मार्था सिगेल या अमेरिकेतील वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीसंबंधीच्या आपल्या सेवेची जाहिरात यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाव्यवस्थेतील पाच हजारांहून अधिक चर्चागटांमध्ये टाकली. चर्चेचा विषय कोणताही असो, मजकूर तोच. चिडलेल्या लोकांनी ईमेलचा असा भडिमार केला की या दांपत्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणा पुन्हा पुन्हा कोलमडली. पुढच्याच वर्षी ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने नेटवरील शिष्टाचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिनेदेखील जाहिरातीवर सरसकट बंदी घातली नाही. काही गटांमध्ये जाहिरातीचे स्वागत होते आणि काहींमध्ये तिचा तिटकारा असतो, म्हणून लिहिण्याआधी आपले वाचक कोण आहेत हे जाणून घ्यावे, एवढेच तिने सांगितले. तेव्हा पहिले पाऊल हेच, की ग्रुपचे नियम वाचावेत आणि संदिग्ध वाटल्यास पोस्ट टाकण्यापूर्वी ॲडमिनला विचारावे.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, कारण तिथे मोह आड येतो. समजा, ग्रुपमध्ये कोणी विचारले की कुंडीतल्या रोपाची पाने पिवळी का पडत आहेत. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडत असण्याचा संभव असतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर लोहाकडे बोट जाते. आणि कुंडीचे भोक बुजून पाणी साचले असेल तर मुळांना हवाच मिळत नाही, अशा वेळी कितीही उत्तम खत घातले तरी त्याचा उपयोग होत नाही. अशा प्रश्नाखाली, कुंडीबद्दल एक अक्षरही न विचारता, ‘आमचे खत वापरा, इनबॉक्स केले आहे’ असे लिहिणारा विक्रेता आपले अज्ञान तरी दाखवतो किंवा बेपर्वाई तरी. याउलट ‘आधी भोक मोकळे आहे का ते पाहा, सध्या खत घालू नका’ असे खतविक्रेत्यानेच सांगितले, तर त्याचे नाव लोकांच्या लक्षात राहते. कोणी आपणहून खताची चौकशी केली, तर ‘मी स्वतः खत विकते’ हे पहिल्या वाक्यात सांगून खुशाल माहिती द्यावी. दरही तिथेच लिहावा. किंमत विचारणाऱ्याला इनबॉक्समध्ये बोलावण्याची प्रथा विक्रेत्याला सोयीची असेल, पण वाचणाऱ्याच्या मनात ती नाहक शंका निर्माण करते. सदस्यांच्या यादीतून नंबर उचलून एकेकाला निरोप पाठवणे तर संपूर्णपणे वर्ज्य समजावे.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने मला तिच्याकडची एक क्रीम भेट दिली आणि एका ग्रुपमध्ये ‘सहज वापरून पाहिली, फारच छान आहे’ असे लिहायला सांगितले. क्रीम खरोखरच चांगली आहे. लिहू का?

उत्तर : लिहा, पण त्यातला ‘सहज’ काढून टाका. क्रीम मैत्रिणीची आहे आणि फुकट मिळाली आहे, हे त्याच पोस्टमध्ये यायला हवे. अमेरिकेत ग्राहकांचे हित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने मोफत मिळालेल्या वस्तूचा उल्लेख स्पष्टपणे करणे अपेक्षित असते. मैत्रिणीला हे मान्य नसेल तर लिहू नये, हेच बरे. उघड जाहिरात फार तर कंटाळवाणी ठरते. लपवलेली उघडकीस आली, की क्रीमही बदनाम होते आणि तुम्हीही.

प्रश्न : मी एका वाचनप्रेमी ग्रुपचा ॲडमिन आहे. जुनी पुस्तके विकणाऱ्यांच्या पोस्टमुळे पुस्तकांवरची चर्चाच मागे पडू लागली आहे. सगळी विक्री बंद करावी काय?

उत्तर : वाचकांना जुनी पुस्तके हवीच असतात, त्यामुळे संपूर्ण बंदी टिकणार नाही. आठवड्यातला एक वार विक्रीसाठी ठरवून द्यावा, एका सदस्याला त्या दिवशी एकच पोस्ट टाकू द्यावी, तीत पुस्तकाची अवस्था आणि किंमत असावी, आणि विकले गेल्यावर तसे लिहावे किंवा पोस्ट काढावी. हा नियम पिन करून ठेवावा. पहिल्यांदा मोडणाऱ्याला चारचौघांत न सुनावता खासगीत सांगावे. आणि तुम्ही स्वतः पुस्तके विकत असाल, तर तुम्हालाही तोच वार लागू राहील.