वाचक विचारतात : वाड्यातली मधली भिंत काढताना

प्रश्न : पुण्यात आमच्या दुमजली वाड्याचा विटांचा भाग राहता करायचा आहे. भिंती दीड फुटी, चुन्यातल्या. तळमजल्यावरची मधली भिंत १२ फूट काढून स्वयंपाकघर आणि बैठक एक करायची आहे. कंत्राटदार म्हणतो, वर गर्डर टाकला की झालं. पुरेल का? विटा उघड्या ठेवल्या तर चालेल?

उत्तर : गर्डरचं नंतर बघू. आधी छताखालचा हातभर गिलावा काढून वरच्या कड्या (मजला पेलणारी आडवी लाकडं) कुठे टेकल्या आहेत ते पाहा. त्यांची टोकं या भिंतीत असतील, तर भार तिच्यावर आहे. पेठांतल्या अनेक वाड्यांत मात्र भिंतीच्या पोटात लाकडी खांब असतात, तुळया त्यांच्यावर आणि विटा नुसत्या मध्ये भरलेल्या. त्या काढल्या तरी मजला जागेवर राहतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण घर आडव्या धक्क्याला सैल पडतं आणि भूकंपात तेच नडतं. म्हणून नुसता गर्डर नको, त्याला दोन्ही टोकांना पोलादी खांब जोडून चौकट करा.

भाराचा अंदाज घ्या. वरच्या मजल्यावर तशीच १० फूट उंच भिंत असेल, तर तिचंच वजन १२ फुटांत ९ टनांच्या वर जातं. कड्या, फरशी, माणसं वेगळी. गर्डरचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच काढावं. दीड फुटी भिंतीखाली सहसा दोन गर्डर शेजारी-शेजारी बोल्टने जोडून टाकतात.

फोडण्याआधी दर ३ फुटांवर भिंतीत आरपार भोक पाडून पोलादी आडवा तुकडा घाला, दोन्ही टोकांना जॅक. वाड्याच्या फरशीखाली बहुतेकदा भरावाची माती असते, तेव्हा जॅकखाली जाड फळ्या हव्यातच. गर्डरचं टोक भिंतीवरही टेकत असेल तिथे काँक्रीटचा ठोकळा घाला, नाहीतर चुन्यातल्या विटा चिरडतात. गर्डर आणि वरच्या भिंतीमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटी मसाल्याने) ठासून भरा. ती पोकळ राहिली, तर जॅक काढताच वरची भिंत तेवढी खाली बसते आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या भेगा पडतात. आठवडाभर जॅक हलवू नका, मग थोडे थोडे सैल करा.

विटा आतून उघड्या ठेवा, पावसाच्या बाजूने नको. ग्राइंडर किंवा वाळूचा मारा अजिबात नको, विटेची भाजलेली कातडीच निघते. दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, चुन्याने भरा : १ भाग चुना, ३ भाग वाळू. सिमेंटच्या दर्जातून ओल बाहेर पडत नाही, ती विटेतून निघते आणि क्षार साठून विटेचे पापुद्रे सुटतात. खाली लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटत असेल, तर आधी जोत्यालगत साचणारं पाणी थांबवा. वाड्याचं नाव वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत विचारल्याशिवाय काहीच फोडू नका.