वुंडरलिश ऐकायचा, तर सुरुवात कुठून?

ऑपेराने सुरुवात करू नकोस, एवढं माझं ऐक. फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन टेनर (उंच पट्टीच्या पुरुष) गायकाने 1965 साली गायलेली, संगीतकार शूमानची ‘डिश्टरलीब’ ही गीतमाला घे. जर्मन कवी हाइनच्या सोळा कविता, साथीला फक्त ह्यूबर्ट गीझनचा पियानो. पहिलं गाणं जेमतेम दीड मिनिटाचं, पण शेवटी पियानो कुठे थांबतो ते नीट ऐक. आपल्याकडे समेवर येता येता कुणी हात उचलावा, तसं अधांतरी सोडलंय. जर्मन येत नसलं तरी कवितांचं भाषांतर समोर ठेव. नाहीतर नुसता गोड आवाज ऐकून उठशील. (गोड आहेच म्हणा!)

मग नाताळचं. त्याच वर्षी कार्ल रिश्टरच्या संचालनाखाली त्याने बाखचं ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ (गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना) गायलं. त्यातल्या मेंढपाळांना घाई करायला सांगणाऱ्या गाण्यात बासरीबरोबरच्या लांबच लांब ताना ऐक. श्वास कुठे घेतो, पत्ता लागत नाही. हेरमान प्राइ या गायकाबरोबरची साधी नाताळगीतंही आहेत, ती सवडीने.

1966 मध्ये वुंडरलिश जिन्यावरून पडून वारला, छत्तिसावा वाढदिवस काही दिवसांवर असताना. त्यामुळे कारकीर्द छोटीच राहिली. हेडफोन मात्र बरा घे, मोबाइलच्या स्पीकरवर पियानोचं पार डबडं होतं.