दोन वर्षं नेमकी कुठून मोजायची?

जबड्याच्या किंवा चेहऱ्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर काही बिनसलं की येणारी पत्रं साधारण एकाच वळणाची असतात. दुखण्याचं वर्णन पानभर आणि तारखांचा पत्ता नाही. तुम्ही निदान तारखा दिल्या आहेत, म्हणून तुमचं पत्र उत्तरासाठी घेतलं.

इतर वाचकांसाठी हकिगत थोडक्यात सांगतो. खालचा जबडा पुढे होता, म्हणून आधी दातांना तारा लावल्या. मग दोन्ही बाजूंनी हाड कापून जबडा मागे घेतला आणि टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूनं बसवला. त्याला २६ महिने झाले. डावा अर्धा ओठ आणि हनुवटी अजून बधिर आहे. ओठावरून पाणी ओघळलं तरी कळत नाही, दाढी करताना कापलं तर आरशात रक्त दिसल्यावर समजतं. सर्जन आधी सहा महिने थांबा म्हणाले, मग वर्ष, मग दीड वर्ष. सातव्या महिन्यात तुम्ही रुग्णालयाला पत्र लिहिलंत. नवव्या महिन्यात वैद्यक परिषदेकडे तक्रार केलीत. विसाव्या महिन्यात दुसऱ्या सर्जननी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढला, त्यात एक स्क्रू नसेच्या नलिकेतून गेलेला दिसला. आता रुग्णालय म्हणतंय की प्लेट फुकट काढून देतो, फक्त एका कागदावर सही करा. आणि तुमचा प्रश्न, भरपाई किती मिळेल?

किती ते नंतर. आधी तक्रार दाखल तरी करून घेतील का ते बघू. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच ठरवलं आहे, तेव्हा ग्राहक आयोगाचं दार तुम्हाला उघडं आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ म्हणतं की दाव्यास कारण, म्हणजे ज्या गोष्टीवरून तक्रार करायची ती, घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. तुमचं अख्खं प्रकरण या एका कलमावर उभं आहे, आणि या कलमाचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही.

परिषदेकडे तक्रार चालू होती तोवर मुदत थांबली, असं तुम्ही धरून चाललात. थांबत नसते. वकिलाची नोटीस पाठवल्यानं थांबत नाही, रुग्णालयाशी बोलणी चालू असल्यानं थांबत नाही, आणि परिषदेकडच्या तक्रारीनंही थांबत नाही. परिषद डॉक्टरवर कारवाई करते, पेशंटला भरपाई देत नाही. त्यातून तुम्ही परिषदही चुकीची निवडलीत. तुमचे सर्जन एमडीएस आहेत, ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे त्यांची नोंदणी दंत परिषदेकडे. त्यांच्या लेटरहेडवर नावाखालीच पदवी छापलेली आहे, तुम्हीच पाठवलेल्या झेरॉक्सवर ती दिसते. वैद्यक परिषदेनं चौदा महिन्यांनी ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढंच कळवलं. एक ओळ लिहायला चौदा महिने का लागावेत, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचा भुर्दंड तुम्हालाच बसतो. चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मिळू शकतो, मात्र परिषदेला त्या अर्थानं न्यायालय मानतील या भरवशावर मी राहणार नाही. उशिराचं एक कारण म्हणून ते अर्जात जरूर मांडा.

आता दाव्यास कारण कधी घडलं? तीन तारखा संभवतात.

रुग्णालयाचे वकील म्हणणार, ऑपरेशनच्या दिवशी. बधिरपणा शुद्धीवर आल्यापासूनच होता, मग लपलेलं काय होतं? ही तारीख धरली तर मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली. तुम्ही म्हणणार, सीबीसीटीच्या दिवशी, कारण स्क्रू नलिकेत आहे हे तेव्हाच कळलं. तसं धरलं तर हाताशी भरपूर वेळ आहे. आणि मधली तारीख तुम्ही स्वतःच्या हातानं तयार करून ठेवली आहे. सातव्या महिन्यातल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, ‘तुमच्या चुकीमुळे माझा ओठ कायमचा बधिर झाला आहे.’ त्यावर रुग्णालयाचा आवक शिक्का आहे. ‘विसाव्या महिन्यापर्यंत मला काही माहीतच नव्हतं’ असं म्हणायला तुम्ही उभे राहिलात की पहिल्यांदा हाच कागद पुढे येईल. रागाच्या भरात ‘चूक’ आणि ‘कायमचा’ हे दोन शब्द लिहिण्याआधी कुणा वकिलाला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

तरी या पत्राचा एक उपयोगही आहे. आयोगानं तीच तारीख धरली, तर दोन वर्षं ऑपरेशनपासूनच्या एकतिसाव्या महिन्यात पुरी होतात. म्हणजे अजून पाच महिने आहेत. माझा सल्ला असा की ते पाच महिने आहेत हे विसरा आणि याच महिन्यात तक्रार दाखल करा. मग तीनपैकी दोन तारखांनी तुम्ही मुदतीत बसता, आणि भांडण फक्त ऑपरेशनच्या तारखेपुरतं उरतं.

ते कसं भांडायचं, तर २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेल्या गॉजच्या, म्हणजे रक्त टिपायच्या कापडाच्या, प्रकरणात दिलेला निकाल वकिलांना वाचायला सांगा. इजा उघड असेल तर ऑपरेशनच्या दिवसापासून मुदत, आणि उघड नसेल तर पेशंटला ती कळली किंवा रास्त काळजी घेतली असती तर कळू शकली असती त्या दिवसापासून, असं त्यात म्हटलं आहे. त्या पेशंटची तक्रार मात्र मुदतबाह्य ठरली, कारण त्या स्वतः परिचारिका असून वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढत राहिल्या आणि त्या डॉक्टरांकडे परत गेल्या नाहीत. तुम्ही उलट परत परत गेलात आणि दर वेळी ‘थांबा’ हेच ऐकून आलात. शिवाय या ऑपरेशननंतर काही महिने ओठ बधिर राहणं नेहमीचंच आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस हनुवटीजवळ बाहेर पडून ओठाला संवेदना देते, आणि हाड तिच्या कडेनंच कापावं लागतं. त्यामुळे बधिरपणा जाणवणं म्हणजे इजा कळणं नव्हे, हा तुमचा मुद्दा. तो टिकेल असं मला वाटतं, पण खात्री देत नाही.

‘ओठ अजून बधिर आहे म्हणजे कारण रोज घडतंय’ हा युक्तिवाद कृपा करून करू नका. परिणाम चालू असणं वेगळं आणि चुकीचं कृत्य चालू असणं वेगळं, हे आळंदीच्या संस्थान आणि गुरवांच्या वादात १९५९ सालीच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. आणि तक्रारीत दाव्याच्या कारणाचा परिच्छेद नेहमीच्या साच्यातला येऊ देऊ नका. ‘दाव्यास कारण ऑपरेशनच्या तारखेस व तदनंतर वेळोवेळी घडले’ हे वाक्य टायपिस्टच्या संगणकात तयार असतं. ते तुमच्या तक्रारीत आलं की पहिली तारीख तुम्हीच कबूल केलीत. सीबीसीटीची तारीख लिहा, ती का ते चार ओळींत लिहा, आणि तक्रारीसोबतच, नंतर नव्हे, कलम ६९(२) खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्या. ‘आमच्या मते तक्रार मुदतीत आहे, आयोगाचं मत वेगळं पडल्यास विलंब माफ व्हावा’ अशी त्याची मांडणी हवी. पुरेसं कारण पटलं तरच आयोग विलंब माफ करतो आणि कारणं नोंदवून करतो, तेव्हा चोवीस महिन्यांनंतरच्या प्रत्येक आठवड्यात तुम्ही काय करत होता ते सांगता आलं पाहिजे.

‘थांबा’ हे तोंडी ऐकलेलं सिद्ध कशानं करणार? ओपीडीच्या केसपेपरवर सर्जन दर भेटीला दोन शब्द लिहितातच: बधिरता आहे, बरी होईल, तीन महिन्यांनी या. तुमचा अर्धा खटला त्या दोन शब्दांत आहे. आणि तुम्ही लिहिता की घर बदलताना फाइल गहाळ झाली! आता लेखी अर्ज देऊन संपूर्ण रेकॉर्डची प्रत मागा: केसपेपर, ऑपरेशनची नोंद, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, संमतीपत्र, वापरलेल्या प्लेट-स्क्रूचे स्टिकर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी झाल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मात्र आंतररुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपण्याचं बंधन आहे, आणि ‘उपचार सुरू’ म्हणजे तारा लावल्या तो दिवस, असं म्हणायला रुग्णालय कमी करणार नाही. म्हणून हा अर्ज उद्याच द्या. सर्जनशी व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आता फुकट प्लेट काढण्याचं. तो कागद मला दाखवल्याशिवाय सही करू नका. त्यात बहुधा ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशी ओळ असेल. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की नलिकेतला तो स्क्रू हाच तुमचा पुरावा आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याच हातून तुम्ही तो काढून घ्यायला निघाला आहात. प्लेट काढायची की नाही, नसेवर पुढे काही उपचार शक्य आहेत का, हे दुसऱ्या सर्जनना विचारा. असल्या उपचारात उशीर महागात पडतो, तेव्हा खटल्यासाठी तब्येत अडवून धरू नका. पण आधी ताजा सीबीसीटी, त्याची मूळ फाइल सीडीवर, आणि काढलेले स्क्रू सीलबंद करून तुमच्या ताब्यात, एवढं झाल्यावरच काय ते करा.

निष्काळजीपणा सिद्ध होईल का, यावर मी जपूनच बोलतो. बधिरपणा ही या ऑपरेशनची माहीत असलेली जोखीम आहे, तेवढ्यावर कुणी दोषी ठरत नाही. स्क्रू तिथे जायला नको होता आणि ऑपरेशननंतरच्या एक्स-रेमध्ये ते दिसायला हवं होतं, असं दुसऱ्या तोंड-जबडा सर्जननी लेखी दिलं तर गोष्ट वेगळी. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, पण तुमच्यात लागेल. संमतीपत्रात ‘कायमची बधिरता’ लिहिलेलं आहे का ते आधी बघा. न वाचता सही केलीत म्हणता, म्हणजे काय लिहिलं होतं ते तुम्हालाही माहीत नाही.

पोलिसांत जाण्याचा विचार सोडा. डॉक्टरवरच्या फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो, हे २००५ पासून ठरलेलं आहे. तुमचं प्रकरण तिथवर जात नाही.

बाकी किरकोळ. रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्यानं जिल्हा आयोग. मागायची भरपाई इथे मोजत नाहीत, दिलेले पैसे मोजतात, आणि ते ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. सर्जन आणि रुग्णालय दोघांनाही पक्षकार करा. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचं लिहिलं आहे, ते वाचून कामावर रजा टाकू नका. समोरच्यांचा लेखी जबाब मात्र ३० आणि फार तर आणखी १५ दिवसांत यायलाच हवा. तो उशिरा आला तर वकिलांनी हरकत घ्यायची, ‘चालतंय’ म्हणायचं नाही.

आणि रुग्णालयाच्या त्या कागदावर सही आधीच करून बसला असाल, तर त्याची प्रत लगेच पाठवा. तसं असेल तर वरचं बरंचसं मला बदलावं लागेल.