सगळं थोडं थोडं येतं, मग नोकरी कोणती?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन सुट्ट्या त्याने विद्यापीठाच्या टेक्निकल सपोर्ट विभागात मदतनीस म्हणून काम केलं आणि आता तिथेच नोकरी धरायची म्हणतो. तुम्ही लिहिता, ‘त्याला सगळं थोडं थोडं येतं, एकही धड नाही. जन्मभर लोकांचे पासवर्ड बदलून देणार का?’

पासवर्ड बदलून द्यावे लागतात, हे खरं आहे. सत्र सुरू होताना तर दिवसचे दिवस त्यातच जातात. पण मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगते.

प्रबंध जमा करायच्या आदल्या संध्याकाळी एक विद्यार्थिनी रडवेली होऊन सपोर्टच्या खिडकीशी आली. वायफाय जोडलेलं, पण साइट उघडेना. ब्राउझर दर वेळी साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरी असल्याची डिजिटल खूण, अवैध असल्याची सूचना दाखवायचा. मैत्रिणींचं ऐकून तिने ब्राउझर दोनदा काढून पुन्हा टाकला होता, आता विंडोजच नव्याने टाकायला निघाली होती. तंत्रज्ञाने आधी विचारलं, ‘हे कधीपासून होतंय? एकाच साइटला की सगळ्या?’ मग पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तारीख पाच वर्षं मागची होती! मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला होता, त्यामुळे घड्याळ मागे गेलं होतं. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. त्या जुन्या तारखेला ती सुरूच झालेली नव्हती. तारीख बदलली, साइट उघडली. मग त्याने विचारलं, ‘प्रबंधाची दुसरी प्रत कुठे आहे?’ कुठेच नव्हती. पुढची दहा मिनिटं त्याने शेजारी बसून तिच्याकडूनच दोन प्रती करवून घेतल्या, एक पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर.

हार्डवेअर, सुरक्षा आणि घाबरलेल्या माणसाशी बोलणं, तिन्ही त्या अर्ध्या तासात लागलं. एकाच विषयात खोल गेलेला माणूस इथे अडला असता, असं मला मनापासून वाटतं.

तरी तुमची काळजी निराधार नाही. नुसत्या ओळखीपुरतं ज्ञान दोन वर्षांत उघडं पडतं. म्हणून त्याला एक प्रश्न विचारा: लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर काय समजायचं? नेटवर्कवर असे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ताच मिळाला नाही, म्हणून संगणकाने स्वतःच एक घेतला, हे त्याला सांगता आलं आणि पुढे काय तपासायचं तेही सुचलं, तर पाया पक्का आहे. नसेल, तर नेटवर्किंगची मूलतत्त्वं, लिनक्सची कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवणं) आणि पायथॉन किंवा पॉवरशेल या प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी एक, एवढं आधी नीट शिकू दे.

इथून वाटा फुटतात. कोणी नेटवर्ककडे जातं, कोणी सर्व्हर सांभाळायला लागतं, कोणी मूडलसारखी शिकवण्याची यंत्रणा चालवतं. संशोधकांना मोठ्या संगणकांवर काम करायला मदत करणं हीदेखील एक वाट आहे. माझ्या मते सगळ्यांत रंजक तीच.

नोकरी स्वीकारण्याआधी मात्र स्पष्ट विचारायला हवं. कायम की कंत्राटी? सर्व्हरला हात लावू देतात की फक्त तक्रारी पुढे पाठवायच्या? प्रशिक्षणाचा खर्च कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘फक्त पुढे पाठवायच्या’ असेल, तर वर्षभरापेक्षा जास्त तिथे राहू नये. पगारापेक्षा मला त्याच उत्तराची जास्त धास्ती वाटते.

आणि एक वही. अडचण काय होती, आधी काय वाटलं, खरं कारण काय निघालं, हे तो लिहून ठेवतो का? नसेल, तर गेल्या दोन सुट्ट्यांमधल्या आठवतील तेवढ्या दहा-बारा अडचणी या रविवारी बसून लिहू दे. मुलाखतीला ती वही सोबत असू दे. आणि त्याआधी एकदा तुम्हीही वाचा.