लाकडी खेळण्याच्या चाकांना रबर चिकटवायला मजबूत आणि बिनविषारी गोंद कोणता?

लाकडी गाडीच्या चाकांवर रबराची पट्टी बसवायची आहे आणि लहान मूल ती तोंडात घालणार, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी रबर कोणतं ते बघा. पट्टीचा बारीक तुकडा पकडीत धरून मोकळ्या हवेत पेटवा, धुरापासून लांब उभे राहा. मागे पांढरी राख उरली तर ते सिलिकॉन. काळी काजळी धरली तर नैसर्गिक रबर, किंवा निओप्रीन, ईपीडीएमसारखं कृत्रिम रबर. मोटारीच्या दाराला असते तसली ईपीडीएमची पट्टी असेल तर नाद सोडा. गोंदाआधी लावायच्या द्रावणाशिवाय (प्रायमर) ती दाद देत नाही, आणि खेळण्यावर आणखी एक रसायन कशाला?

‘बिनविषारी’ हे ओल्या गोंदाबद्दल म्हणायचं की सुकलेल्या, हेही ठरवायला हवं. चपला जोडायच्या पिवळ्या गोंदात टोल्युइन किंवा हेक्झेन हे द्रावक असतं. हेक्झेनची वाफ सतत हुंगली तर नसा खराब होतात. पकड उत्तम, पण खेळण्यासाठी मी तो हातात घेणार नाही. सुपरग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते, पण सुकल्यावर त्याचं कडक प्लास्टिक होतं. त्याच कुळातला गोंद डॉक्टर जखमा जोडायला वापरतात. म्हणून काही दुकानातली ट्यूब औषधी ठरत नाही. शिवाय साधा सुपरग्लू ठिसूळ, रबर वाकलं की तडकतो. घ्यायचाच तर रबर मिसळलेला, काळा मिळतो तो घ्या.

तुमच्या कामाला मी सिलिकॉनची पट्टी आणि गोंद म्हणून अन्नाशी संपर्क चालेल असं लिहिलेलं शंभर टक्के सिलिकॉन निवडेन. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक नको. सिलिकॉन रबराला सिलिकॉनशिवाय सहसा काही धरत नाही. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने सुकतो, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, म्हणून थर पातळ ठेवा. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत खेळणं मुलाला देऊ नका.

खरी मेहनत मात्र चिकटवण्याआधीची. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला थर नव्या रबरावर राहतो, काही रबरांतून मेणही वर येतं. त्यावर कितीही भारी गोंद लावा, साल निघावी तसा निघून येतो. ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग त्या जागेला बोट लावू नका. लाकडाचीही चाकाकडची बाजू कोरी हवी, रंग किंवा तेल नको.

आणि जमलं तर पट्टीऐवजी अखंड रिंग घ्या, चाकापेक्षा किंचित लहान. चाकाच्या कडेला उथळ खाच पाडून ती ताणून बसवली की रबर स्वतःच्या ताणानेच धरतं, गोंद फक्त घसरू नये एवढाच लागतो. सुकल्यावर कडेला नख घालून जोरात सोलून बघा. कोपरा उचलला तर काढून पुन्हा करा, कारण सुटलेला तुकडा घशात अडकण्याचा धोका गोंदापेक्षा मोठा आहे.